मध्य इंग्लंड तापमानमालिका

लँकेशर, लंडन व ब्रिस्टल यांमधील त्रिकोणी प्रदेशाच्या सरासरी तापमानाची १६५९ पासूनची मासिक नोंद. उपकरणांनी मोजलेली ही जगातील सर्वांत दीर्घ तापमानमालिका होय. गॉर्डन मॅन्ली यांनी जुन्या नोंदवह्या जुळवून ती सिद्ध केली (१९५३, विस्तार १९७४). आरंभीचे तापमापक अनेकदा उत्तराभिमुख, शेगडी नसलेल्या खोलीत टांगलेले असत; १७०७–२२ मधील काही खंड तर नेदर्लंड्समधील उत्रेख्तच्या नोंदींवरून भरले आहेत. त्यामुळे आरंभीच्या दशकांतील आकडे ढोबळच मानावे लागतात (→ तापमापक).

१६९० ते १७३० या दशकांतही येथील तापमान झपाट्याने वाढले होते, तेव्हा आजची वाढही नैसर्गिकच, असा आक्षेप घेतला जातो. पण ती वाढ टिकली नाही : १७४० ची वार्षिक सरासरी सुमारे ६.८° से. पर्यंत, म्हणजे मालिकेतील नीचांकापर्यंत घसरली (→ लघुहिमयुग). १९८० च्या दशकाअखेरीपासूनची वाढ मात्र ओसरलेली नाही. २०२२ मध्ये सरासरी प्रथमच ११° से. वर गेली. शहरी उष्णतेचा वाटा १९७४ पासूनच्या आकड्यांतून वजा केलेला असल्याने शहरीकरणाचे स्पष्टीकरणही अपुरे पडते (→ नागरी उष्णताद्वीप). एवढ्याशा प्रदेशावरून जगाचे अनुमान काढू नये, हा आक्षेप रास्त आहे; त्यासाठी १८५० पासूनच्या जागतिक मालिका वापरतात (→ जागतिक तापमानवाढ).