काउंटर आणि टायमर एकात्मिक परिपथ

काउंटर आणि टायमर एकात्मिक परिपथ हे अंकीय इलेक्ट्रॉनिकीतील दोन परस्परपूरक घटक आहेत. काउंटर त्याच्याकडे आलेले विद्युत स्पंद मोजतो, तर टायमर ठरावीक कालावधी निर्माण करतो. समान अंतराने येणारे स्पंद मोजले की वेळच मोजली जाते. म्हणून अनेक उपकरणांत हे दोन्ही घटक एकत्र वापरतात. अंकीय घड्याळे, वारंवारतामापक, कारखान्यातील नगमोजणी यंत्रे आणि शेतीपंपांचे स्टार्टर ही त्याची परिचित उदाहरणे होत.

टायमरचे कार्य

सर्वाधिक प्रसिद्ध टायमर म्हणजे ५५५ हा एकात्मिक परिपथ. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकी कंपनीसाठी त्याचा आराखडा तयार केला आणि १९७२ मध्ये तो बाजारात आला. त्यात तीन समान रोधकांची साखळी, दोन कंपॅरेटर, एक फ्लिप-फ्लॉप आणि धारित्र रिकामे करणारा एक ट्रान्झिस्टर असतो. रोधकांच्या साखळीमुळे पुरवठा व्होल्टतेचे एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश असे दोन टप्पे ठरतात.

बाहेरून जोडलेले धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, रोधकामधून हळूहळू भारित होते. त्यावरील व्होल्टता दोन तृतीयांशाच्या टप्प्यावर पोहोचताच फ्लिप-फ्लॉपची स्थिती पालटते आणि कालावधी संपतो. एकदाच कालावधी देणाऱ्या जोडणीत हा काळ १.१ × रोध × धारिता इतका असतो. १० लाख ओहमचा रोधक आणि १० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतल्यास तो ११ सेकंद येतो. पुरवठा व्होल्टता वाढली तर धारित्र वेगाने भारित होते, परंतु टप्पाही त्याच प्रमाणात वर सरकतो. त्यामुळे व्होल्टतेतील बदलाचा कालावधीवर फारसा परिणाम होत नाही. दुसऱ्या एका जोडणीत धारित्र दोन टप्प्यांदरम्यान सतत भरत व रिकामे होत राहते आणि परिपथ आंदोलकासारखा अखंड स्पंद देतो.

काउंटरचे कार्य

काउंटरचा मूळ घटक फ्लिप-फ्लॉप हा आहे. तो ० किंवा १ ही एकच स्थिती लक्षात ठेवतो. प्रत्येक स्पंदाला स्थिती पालटेल अशी त्याची जोडणी केल्यास दोन स्पंदांमागे एक स्पंद बाहेर पडतो, म्हणजे वारंवारता निम्मी होते. असे चार फ्लिप-फ्लॉप ओळीने जोडल्यास ० ते १५ अशा १६ स्थिती मिळतात. ७४९० या दशमान काउंटरमध्ये २ ने आणि ५ ने भागणारे दोन विभाग असतात. ते एकमेकांना जोडले की १० ने भागाकार होतो. ४०१७ या काउंटरला दहा निर्गम असून प्रत्येक स्पंदाला त्यांपैकी पुढचा एकच निर्गम कार्यान्वित होतो.

एका फ्लिप-फ्लॉपचा निर्गम पुढच्याला चालवतो अशा साखळीला रिपल काउंटर म्हणतात. त्यात प्रत्येक टप्प्याचा सूक्ष्म विलंब साठत जातो. ७ वरून ८ वर जाताना अशा काउंटरमध्ये क्षणभर ६, ४ आणि ० हे चुकीचे आकडे उमटतात. ७४१६३ सारख्या समकालिक काउंटरमध्ये सर्व फ्लिप-फ्लॉप एकाच स्पंदाने चालतात, त्यामुळे हा दोष टळतो.

दीर्घ कालावधी

केवळ धारित्रावर विसंबून तासाभराचा विलंब अचूकपणे मिळत नाही. १० लाख ओहमचा रोधक घेतल्यास एका तासासाठी सुमारे ३,२७० मायक्रोफॅरडचे धारित्र लागते आणि एवढ्या मोठ्या धारित्रातील गळतीचा प्रवाह भारित करणाऱ्या प्रवाहाच्या तोडीचा होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे लहान कालावधी वारंवार मोजणे. ४०६० या परिपथात आंदोलक आणि १४ टप्प्यांचा काउंटर एकत्र असतात. आंदोलक दर सेकंदाला एक स्पंद देत असेल तर शेवटचा निर्गम ८,१९२ स्पंदांनंतर, म्हणजे २ तास १६ मिनिटे ३२ सेकंदांनी पालटतो.

अधिक अचूकतेसाठी क्वार्ट्झ स्फटिक वापरतात. घड्याळातील स्फटिकाची वारंवारता सामान्यतः ३२,७६८ हर्ट्झ असते. ही संख्या २ चा १५ वा घात असल्याने ती १५ वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंद मिळतो.

शेतीपंपांमधील उपयोग

जळगाव जिल्ह्यातील यावल आणि रावेर हे सातपुड्याच्या पायथ्याचे तालुके केळीसाठी प्रसिद्ध आहेत. केळीला वर्षभर पाणी लागते आणि ते मुख्यतः विहिरी व कूपनलिकांवरील विद्युत पंपांनी दिले जाते. शेतीचा थ्री फेज वीजपुरवठा ठरावीक तासांपुरताच असल्याने येथे वेळेच्या नियंत्रणाला विशेष महत्त्व येते.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये मोटर आधी स्टार जोडणीत सुरू होते. या जोडणीत वाहिनीतून घेतला जाणारा प्रवाह थेट डेल्टा जोडणीत सुरू करताना लागणाऱ्या प्रवाहाच्या एक तृतीयांश असतो. काही सेकंदांनी मोटरने वेग घेतला की टायमर तिला डेल्टा जोडणीत नेतो. हा बदल फार लवकर झाला तर प्रवाह कमी ठेवण्याचा हेतू साधत नाही. फार उशिरा झाला तर मोटर भाराखाली तापते.

वीज येताच पंप चालू करणाऱ्या ऑटो स्विचमुळे एका रोहित्रावरील सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात. त्या वेळच्या प्रचंड प्रवाहाने रोहित्र नादुरुस्त होण्याचा धोका असतो आणि मग त्यावरील सर्वच शेतांचे पाणी बंद पडते. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच न वापरण्याचे आवाहन करते. तत्त्वतः प्रत्येक पंपाला एक, दोन, तीन मिनिटे असा वेगवेगळा विलंब दिल्यास हा भार विभागला जातो. मात्र एकाच शेतकऱ्याने टायमर बसवून हे साधत नाही. रोहित्रावरील सर्वांनी तो आपसांत ठरवून बसवावा लागतो.

प्रारंभिक स्थिती

वीज गेल्यावर साध्या काउंटरमधील आकडा पुसला जातो. वीज परत येताना प्रत्येक फ्लिप-फ्लॉप ० किंवा १ यांपैकी कोणत्याही स्थितीत जागा होऊ शकतो. अशा वेळी मोजणी भलत्याच आकड्यापासून सुरू होऊन विलंब अपुरा पडण्याची शक्यता असते. म्हणून वीज येताच रीसेट टोकाला एक लहान स्पंद देऊन काउंटर शून्यावर आणतात. हा स्पंदही बहुधा एका रोधक-धारित्र जोडीतूनच मिळवला जातो. वारंवार वीज जाणाऱ्या भागात ही व्यवस्था अत्यावश्यक ठरते.

आज्ञावलीने चालणारे टायमर

इंटेलच्या ८२५३ या परिपथात प्रत्येकी १६ बिटांचे तीन काउंटर असतात आणि मोजायचा आकडा संगणक स्वतः भरतो. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकात हाच परिपथ सेकंदाला सुमारे १८.२ वेळा प्रोसेसरला वेळेची सूचना देत असे. पुढे काउंटर-टायमर मायक्रोकंट्रोलरच्या आतच सामावले गेले. ८०५१ मध्ये असे दोन विभाग असून बाहेरील स्पंद दिल्यास ते काउंटर म्हणून आणि अंतर्गत घड्याळाचे स्पंद दिल्यास टायमर म्हणून काम करतात.