ग्रिडरनर : व्हिक-२० संगणकावरील जाळीचे युद्ध

व्हिडिओ गेमचा इतिहास सांगताना बहुधा नाणे टाकून खेळावयाच्या मोठ्या यंत्रांचाच उल्लेख प्रथम केला जातो. जपानच्या तैतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८), नामको कंपनीचा ‘गॅलॅक्सियन’ (१९७९) आणि अमेरिकेतील अटारी कंपनीचा ‘सेंटिपीड’ (१९८१) ही त्यांतील ठळक नावे होत. मात्र याच काळात घरगुती संगणकांवर या खेळांच्या अनुकरणातून एक वेगळी परंपरा उदयास येत होती. इंग्लंडमधील जेफ मिंटर या तरुणाने १९८२ च्या उत्तरार्धात तयार केलेला ‘ग्रिडरनर’ हा नेमबाजीचा खेळ या परंपरेतील एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. अनुकरण कोठे संपते आणि स्वतंत्र निर्मिती कोठे सुरू होते, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उदाहरण त्या काळात क्वचितच आढळते.

‘ग्रिडरनर’ मूळतः कमोडोर कंपनीच्या व्हिक-२० या संगणकासाठी लिहिण्यात आला. अमेरिकेत १९८१ मध्ये सुमारे ३०० डॉलर किमतीला विक्रीस आलेला हा संगणक दहा लाखांहून अधिक विकला गेलेला पहिला संगणक ठरला. त्याची स्मृती केवळ ५ किलोबाइट होती आणि संगणक सुरू केल्यावर बेसिक भाषेतील आज्ञावलीसाठी त्यांपैकी ३,५८३ बाइट एवढीच जागा शिल्लक राहत असे. आज भ्रमणध्वनीवर काढलेल्या एका साध्या छायाचित्रालाही याच्या शेकडो पट जागा लागते. पडद्यावर २२ स्तंभ आणि २३ ओळी, म्हणजे एकूण ५०६ चौकोनी घरे होती. पार्श्वभूमीला धक्का न लावता स्वतंत्रपणे सरकणारी चित्रे दाखविण्याची सोय या संगणकाच्या चित्र-चिपमध्ये नव्हती. अक्षरांचीच आकृती बदलून त्यांतून विमाने, शत्रू आणि गोळ्या बनवाव्या लागत. अशी आकृती एका घरातून शेजारच्या घरात उडी मारल्याप्रमाणे सरके.

उपाहारगृहांत आणि मनोरंजन केंद्रांत दिसणाऱ्या यंत्रांची हालचाल मात्र अतिशय सफाईदार असे. त्यांची हुबेहूब नक्कल व्हिक-२० वर उतरविणे अशक्यप्राय होते आणि तशा फसलेल्या नकलांची त्या वेळच्या बाजारात वानवा नव्हती.

‘सेंटिपीड’ या मूळ खेळात एक गोम पडद्याच्या वरच्या भागातून अळंब्यांच्या गर्दीत वळणे घेत खाली उतरते. डोना बेली आणि एड लॉग या दोघांनी अटारीसाठी हा खेळ तयार केला होता. गोमेच्या ज्या भागाला गोळी लागेल त्याची अळंबी होते आणि उरलेल्या गोमेचे दोन तुकडे होऊन दोन्ही स्वतंत्रपणे चालू लागतात. ही मूळ कल्पना मिंटर यांनी जशीच्या तशी उचलली, हे मान्य करावेच लागेल. त्यांच्या खेळातही शत्रूंची एक लांब साखळी वरून खाली येते आणि गोळी लागताच दुभंगते.

त्यांनी केलेला बदल रणभूमीचा होता. अळंब्यांच्या बागेच्या जागी त्यांनी उभ्या-आडव्या रेषांची जाळी आणली. सर्व काही या जाळीच्या चौकटीतच घडत असल्यामुळे घरागणिक होणारी हालचाल ही संगणकाची उणीव वाटेनाशी झाली. तो या जगाचा नियमच आहे असे खेळणाऱ्यास वाटू लागले. यंत्राची मर्यादा लपविण्याऐवजी तिलाच खेळाचे रूप देण्याची ही युक्ती साधी दिसते, पण त्या काळातील अनेक अनुभवी आज्ञावलीकारांना ती सुचली नव्हती.

दुसरी भर अधिक महत्त्वाची होती. जाळीच्या डाव्या कडेने आणि तळाशी अशा दोन तोफा सतत फिरत असतात. ठरावीक काळाने त्या एकाच वेळी मारा करतात, एक आडवा आणि एक उभा. हे दोन मारे जेथे एकमेकांस छेदतात तेथे एक बीज निर्माण होते. हे बीज हळूहळू वाढते आणि पक्व झाल्यावर बॉम्बप्रमाणे खाली कोसळते. साखळीतील नष्ट झालेल्या शत्रूंच्या जागीही अशीच बीजे उरतात. त्यामुळे समोरच्या साखळीवर नेम धरावा, वाढत चाललेली बीजे वेळीच साफ करावीत, की पाठीमागून येणाऱ्या उभ्या किरणापासून आपले यान वाचवावे, असा तिहेरी पेच खेळणाऱ्यापुढे क्षणोक्षणी उभा राहतो. ‘सेंटिपीड’मध्ये संकट मुख्यतः वरून येते, तर येथे ते पायाखालूनही येते. त्यामुळे हा खेळ मूळ खेळापेक्षा कितीतरी अधिक निर्दय झाला आहे.

मिंटर त्या वेळी अवघे वीस वर्षांचे होते. आपल्या लामासॉफ्ट या कंपनीसाठी हा खेळ आपण एका आठवड्यात लिहिल्याचे त्यांनी सांगितले आहे. अमेरिकेत ह्यूमन इंजिनिअर्ड सॉफ्टवेअर या कंपनीने तो कार्ट्रिजच्या रूपात विकला आणि तेथे त्याला मोठे यश मिळाले.

अनुकरणाचा प्रश्न त्या वर्षांत केवळ अभिरुचीचा राहिला नव्हता. अटारीच्या ‘अ‍ॅस्टरॉइड्स’शी साम्य असलेल्या ‘मीटिअर्स’ या खेळाविरुद्धच्या दाव्यात अमेरिकेतील न्यायालयाने १९८१ मध्ये निकाल देताना, केवळ कल्पना सारखी असल्याने स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, अशी भूमिका घेतली. पुढच्याच वर्षी ‘के. सी. मंचकिन’ हा खेळ ‘पॅक-मॅन’च्या अभिव्यक्तीची उचल करतो, असा निष्कर्ष काढून अपील न्यायालयाने अटारीच्या बाजूने मनाई हुकमाचा मार्ग मोकळा केला. कल्पना सर्वांची, पण तिची मांडणी कर्त्याची, हे सूत्र दोन्ही निकालांत समान होते. या कसोटीवर ‘ग्रिडरनर’ने साखळीची कल्पना घेतली, परंतु मांडणी स्वतःची केली, असे म्हणता येते.

खेळाची रूपांतरे कमोडोर ६४, अटारीचे ८-बिट संगणक, ड्रॅगन ३२ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकांवर निघाली. यांपैकी स्पेक्ट्रमची ओळख महाराष्ट्रातील वाचकांना असू शकेल. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने हा संगणक भारतात आणला होता.

‘मॅट्रिक्स’ (१९८३) या पुढील भागात गोळ्यांची दिशा बदलणारे तिरपे अडथळे आले. त्यानंतर २००२ मध्ये ‘ग्रिडरनर प्लस प्लस’ आणि २००९ मध्ये ‘ग्रिडरनर रिव्होल्यूशन’ या नव्या आवृत्त्या मिंटर यांनीच काढल्या.

कॅसेटच्या चुंबकीय फिती कालांतराने खराब होत असल्यामुळे या पिढीतील खेळांचे जतन हा अभ्यासकांच्या काळजीचा विषय राहिला आहे. मार्च २०२४ मध्ये डिजिटल एक्लिप्स या अमेरिकी कंपनीने मिंटर यांच्या कारकिर्दीवर संवादात्मक माहितीपट प्रसिद्ध केला. त्यात मुलाखती आणि जुनी कागदपत्रे यांच्या जोडीला चाळीसहून अधिक खेळ प्रत्यक्ष खेळण्यासाठी उपलब्ध आहेत. ‘ग्रिडरनर’ची व्हिक-२० आणि कमोडोर ६४ या दोन्ही संगणकांवरील रूपे त्यात आहेत. कमोडोर ६४ मध्ये स्वतंत्रपणे सरकणाऱ्या आठ चित्रांची सोय असूनही त्या रूपात साखळी, बीजे आणि यान जाळीच्या घरांतूनच उड्या मारत जातात.