नाणेघाटाची चढण आणि भिक्खूंच्या वहाणा

कल्याणहून निघालेला आजचा प्रवासी माळशेज घाट चढून काही तासांत अहिल्यानगरला (2024 पूर्वीचे अहमदनगर) पोहोचतो. सातवाहनकाळी हाच सह्याद्री पायी ओलांडावा लागे. या जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात तो सर्वांत उंच आहे. कळसूबाईचे शिखर 1646 मीटर भरते, आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर एकदम खाली कोसळतो. तेथील साधले घाटासारख्या बिकट वाटा आज गिर्यारोहकांच्या आवडीच्या झाल्या आहेत. मात्र मालाने लादलेल्या जनावरांची मुख्य वाट त्याच रांगेत थोडी दक्षिणेस, जुन्नरच्या माथ्यावर चढणारा नाणेघाट ही होती. जुन्नरहून प्रतिष्ठानास, म्हणजे पैठणास, जायचे तर आजचा अहिल्यानगर जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पैठणसमोरचा गोदावरीचा दक्षिण तीर आजही याच जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यात मोडतो.

या वाहतुकीचा पुरावा केवळ घाटातच शोधावा असे नाही. प्रवरेच्या काठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी 1954 पासून जे उत्खनन केले, त्यात भूमध्य सागराकडील मद्यकुंभांची खापरे मिळाली. हे कुंभ कोणत्या बंदरात उतरले याविषयी मतभेद होऊ शकतील. सोपारा-कल्याणला उतरले असोत वा भडोचला, कोणता तरी घाट चढल्याखेरीज ते नेवाशास येणे शक्य नव्हते. ते कोणाच्या पाठीवरून आले, त्या हमालांची वा बैल हाकणाऱ्यांची नावे कोणत्याही शिलालेखात आलेली नाहीत.

त्याच वाटांनी भिक्खूही चालले. पालि वाङ्मयात दक्षिणापथाच्या चालीविषयी एक अत्यंत व्यावहारिक नोंद आहे आणि तिच्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. महावग्गाच्या चम्मक्खंधकात सोण कुटिकण्णाची कथा येते. अवंती-दक्षिणापथात भिक्खू इतके थोडे, की उपसंपदेसाठी आवश्यक ते दहा भिक्खू जमवण्यास त्याला तीन वर्षे लागली. पुढे तो भगवंतांच्या दर्शनास निघाला, तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याकरवी काही विनंत्या पाठविल्या. त्यांपैकी एक अशी, की तेथील भूमी काळी, खडबडीत व गुरांच्या खुरांनी तुडवून टणक झालेली आहे, म्हणून अनेक पदरी वहाणांची अनुज्ञा मिळावी. ती मिळाली, विनयधरासह पाच भिक्खूंच्या संघाने उपसंपदा देण्यासही अनुमती मिळाली. उन्हाळ्यात दख्खनची काळी माती अनवाणी तुडवलेल्यास या विनंतीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. नियम मध्यदेशातील मातीवर घडला होता; दूरच्या प्रदेशातील पायांसाठी तो सैल केला गेला.

सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरीचे सोळा शिष्य गोदावरीतीरावरून निघतात. पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, गोनद्ध, वेदिसा, कोसंबी, साकेत, सावत्थी असा त्यांचा क्रम दिला आहे. ही प्रास्ताविक गाथा मूळ प्रश्नांहून उत्तरकालीन असावी, कारण चूळनिद्देसात तिच्यावर भाष्य नाही. तरीही मार्ग रचणाऱ्याला पतिट्ठान हे प्रस्थानस्थान म्हणून ठाऊक होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्याकडे वळू. सह्याद्रीतील प्रत्येक लेणे बौद्धच, असे म्हणण्याची घाई आपल्यापैकी अनेकांना होते. येथे ती उपयोगी नाही. राणी नागनिकेच्या लेखात अश्वमेधासह अनेक श्रौत यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांची यादी आहे. आरंभी धम्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य व चार लोकपाल यांना वंदन आहे. तेथील ‘धम्म’ हा शब्द पाहून लेख बौद्ध ठरवणे म्हणजे पुढच्या ओळी न वाचणे होय. सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या प्रतिमा तेथे होत्या. आज नामलेख आणि पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचा आधार परंपरेचा आहे, लेखाचा नाही.

ज्या घाटमाथ्यावर राजघराण्याने आपले यज्ञ कोरून ठेवले, त्याच वाटेने पुढे एका दिवसाच्या चालीवर जुन्नरच्या डोंगरांत भिक्खुसंघासाठी शेकडो खोदकामे झाली. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी यांची निर्मिती कोणा राणीच्या आज्ञेने झाली नाही. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. ‘यवन’ म्हणवणाऱ्या इरिलाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. या दानांत पाण्याला मिळालेले स्थान पाहावे. चढून आलेल्या माणसाला पहिली गरज पाण्याची असते, हे देणाऱ्यांना स्वतःच्या चालण्यातून माहीत असणार.

खुद्द नाणेघाटातही सोपाऱ्याच्या एका रहिवाशाने टाके दिल्याचा छोटासा लेख आहे. नागनिकेच्या लेखापुढे तो सहज नजरेआड होतो. लेण्याजवळच्या टाक्यांत आजही पाणी असते, आणि वैशाखऱ्याहून पायऱ्या चढून आलेले लोक तेथे थांबतात.