नायकवडी, नागनाथ
(१५ जुलै १९२२–२२ मार्च २०१२). महाराष्ट्रातील एक स्वातंत्र्यसैनिक व सहकारी साखर कारखान्याचे संस्थापक. ‘नागनाथअण्णा’ या नावाने विशेष परिचित. जन्म वाळवे (जि. सांगली) येथे शेतकरी कुटुंबात. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले व साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या सशस्त्र कार्यात अग्रभागी राहिले. एप्रिल १९४४ मध्ये पश्चिम खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना हस्तगत करणाऱ्या तुकडीत, जी. डी. लाड यांच्यासमवेत, त्यांचा सहभाग होता. त्याच वर्षी ते पकडले गेले. तथापि सातारच्या तुरुंगाचा तट ओलांडून निसटले. फेब्रुवारी १९४६ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत त्यांचे सहकारी किसन अहिर व नानकसिंग धारातीर्थी पडले.

स्वातंत्र्यानंतर नायकवडी यांनी शिक्षणकार्य हाती घेतले. विधानसभेचे सदस्य म्हणूनही काम केले. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी वाळव्यास सहकारी साखर कारखाना उभारला व त्यास हुतात्मा किसन अहिर यांचे नाव दिले. उसाला चांगला भाव देणारा कारखाना असा त्याचा लौकिक झाला. सोबत्याचे स्मारक पुतळ्याऐवजी शेतकऱ्यांच्या मालकीच्या उद्योगात व्हावे, यातच त्यांच्या ध्येयाचे सातत्य दिसते. धरणग्रस्तांचे पुनर्वसन व दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी यांसाठी, सत्तरी ओलांडल्यावरही, त्यांनी चळवळी चालविल्या. भारत सरकारने २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.