नामानंतर बसणारं धातुसाधित

आपल्या सरकारी पत्रांतल्या ‘संबंधित अधिकाऱ्या’चं इंग्रजी सर्रास ‘कन्सर्न्ड ऑफिसर’ असं होतं. ब्रिटिश वाचकाला तो काळजीत पडलेला अधिकारी वाटू शकतो. त्याच्या लेखी संबंधित अधिकारी म्हणजे ‘ऑफिसर कन्सर्न्ड’. ‘धावणारा घोडा’, ‘पाठवलेलं पत्र’ असं क्रियापदापासून बनलेलं विशेषण, म्हणजे धातुसाधित, नामाआधी ठेवणाऱ्या आपल्याला हा क्रम उलटा वाटतो, पण त्यामागे मोठा इतिहास आहे.

जुन्या इंग्रजीत विशेषणाला लिंग-वचन-विभक्तीचे प्रत्यय लागत आणि एकटं विशेषण बहुधा नामाआधीच येई. १०६६मध्ये नॉर्मन आले आणि दरबाराची, पुढे न्यायालयाचीही भाषा फ्रेंच झाली. फ्रेंचमध्ये विशेषण सहसा नामानंतर. राजचिन्हांत तो क्रम आजही जसाच्या तसा दिसतो. स्कॉटलंडच्या राजध्वजावर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह ‘लायन रॅम्पंट’, तर इंग्लंडच्या चिन्हावरचे एक पंजा उचलून चालणारे तीन सिंह ‘पॅसंट’. दोन्ही शब्द फ्रेंच क्रियापदांची वर्तमानकालवाचक धातुसाधितं आहेत. खटले इंग्रजीत चालावेत असा कायदा १३६२मध्ये झाला, तरी वकिलांनी फ्रेंच काही सोडली नाही. खुनाच्या व्याख्येतलं ‘मॅलिस अफोरथॉट’, म्हणजे आधीच मनात योजलेला दुष्ट हेतू, हे फ्रेंच शब्दक्रम कायम ठेवून केलेलं भाषांतर आहे.

पण सगळं श्रेय फ्रेंचला देणं मला पटत नाही. दुसरा धागा लांबीचा. धातुसाधितानंतर आणखी शब्द आले, की इंग्रजी तो सगळा पसारा नामानंतर ठेवते: ‘अ लेटर रिटन इन हेस्ट’. आपण मात्र ‘घाईघाईत लिहिलेलं पत्र’ म्हणून सगळं आधीच सांगून टाकतो.

तिसरा धागा अर्थाचा, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९६७मध्ये तो उलगडून दाखवला. नामाआधीचं विशेषण बहुधा कायमचा गुण सांगतं, नंतरचं त्या वेळेपुरती अवस्था. ‘व्हिजिबल स्टार्स’ म्हणजे एरवी दिसू शकणारे तारे; ‘स्टार्स व्हिजिबल’ म्हणजे आत्ता दिसत असलेले. धातुसाधितांतही हा फरक जाणवतो. ‘कन्सर्न्ड’ आधी आलं तर स्वभाव किंवा मनःस्थिती; नंतर आलं तर या प्रकरणापुरता संबंध.

भारतीय इंग्रजीत ‘कन्सर्न्ड ऑफिसर’ आता रुळला आहे. इथल्या कचेरीत तो खुशाल लिहावा. परदेशी जाणाऱ्या अर्जात मात्र ‘ऑफिसर कन्सर्न्ड’च लिहा.