प्रौढांच्या हातातील खेळ

खेळ ही बालवयाची वस्तू असून वय वाढले की ती बाजूस सारावी, असा सर्वसाधारण समज आहे. पन्नाशीच्या गृहस्थाने लहानपणीच्या सोंगट्या जपून ठेवल्या, अथवा आजीने केवळ स्वतःच्या हौसेसाठी पट मांडला, तर घरात हसू उमटते. परंतु खेळांचा इतिहास निराळे सांगतो. खेळ शिकतात मुले. पुढील पिढीच्या हाती तो सोपवितात ती मात्र मोठी माणसे.

याची पहिली साक्ष गिरमिटियांच्या प्रवासातच सापडते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी मॉरिशसला पोचली. पुढील काळात सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसांचा भरणा होता. गाठोड्यात जागा थोडी असे. जे स्मरणात आणि अंगात होते तेच खरे सामान. म्हणूनच कोकणातील जाखडी मॉरिशसमध्ये 'झाकरी' या नावाने टिकली. गणेशोत्सवात मोठ्यांनी फेर धरला आणि मुलांनी तो पाहून उचलला. ज्या खेळांना साधने लागत, त्यांच्या वाट्याला हे भाग्य सहसा आले नाही.

साधनांच्या खेळाचे काय होते, हे त्याच कोकणातील सावंतवाडीच्या गंजिफांवरून दिसते. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले वाटोळे पत्ते. हा खेळ इराणी परंपरेतून हिंदुस्थानात आला. बाबराने १५२७ साली सिंधकडे गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मवृत्तात आहे. पुढे येथील चित्रकारांनी त्यावर विष्णूचे दहा अवतार बसविले. दशावतारी गंजिफांत दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा, अशी बारा पाने, एकूण १२०. निम्म्या रंगांत दश्शा श्रेष्ठ, तर उरलेल्यांत एक्का. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो प्रथम उतरतो, रात्री असेल तर कृष्णाचा. एवढे सारे स्मरणात ठेवून खेळणे हे केवळ मुलांचे काम नव्हे. राजवाड्यापासून ओसरीपर्यंत गंजिफा खेळत ती प्रौढ मंडळीच.

छापील पत्ते स्वस्त झाले, तसा हा खेळ मागे पडला. खेळणारे उठले, म्हणून करणाऱ्यांचेही हात थांबले. १९७० च्या सुमारास सावंतवाडीत ही कला पूर्णपणे जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर उरले होते. संस्थानिक घराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्यापाशी बसून ही विद्या शिकून घेतली. चिंचोक्याची खळ, रंग आणि लाख यांची कृती नव्या कारागिरांना देण्यात आली व राजवाड्यातच त्यांचे काम सुरू झाले. सत्त्वशीलादेवी २०१८ साली निवर्तल्या. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले. एका वृद्धाचे स्मरण आणि दोन प्रौढांची जिज्ञासा एवढ्यावर हा धागा तगला होता.

संग्राहकांचे कार्यही याच जातीचे. पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. अडकित्ते, दिवे, वाद्ये यांबरोबर खेळणी व सोंगट्याही त्यांनी गोळा केल्या आणि बालपणीच निवर्तलेल्या आपल्या राजा या पुत्राचे नाव संग्रहालयास दिले. लोक ज्या वस्तू अडगळ म्हणून टाकून देत, त्यांतून वीस हजारांवर वस्तूंचा ठेवा उभा राहिला.

मिसिसागातील वाचकांना याचा पडताळा फार दूर शोधावयास नको. ऑन्टारिओ प्रांताचा स्वतःचा खेळ 'क्रोकिनोल' होय. कॅरमप्रमाणेच टिचकीने सोंगट्या मारण्याचा हा खेळ. मात्र फळी वाटोळी आणि भोक मध्यभागी. त्याची सर्वांत जुनी ज्ञात फळी एकहार्ट वेटलॉफर या कारागिराने १८७६ साली पर्थ परगण्यात बनविली. आपल्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाची ती भेट होती, असे सांगतात. टॅव्हिस्टॉक या लहानशा गावी १९९९ पासून त्याची जागतिक स्पर्धा भरू लागली. पोक्त माणसेही तेथे तन्मयतेने खेळतात. त्यांना कोणी पोरकट म्हणत नाही. त्यांच्यामुळेच दीडशे वर्षांपूर्वीची बालकाची भेट आज प्रांताचे भूषण ठरली आहे.

दोन समुद्र ओलांडून आलेल्या कुटुंबांच्या तळघरांत आजही कॅरमची फळी, पत्त्यांची जीर्ण जोडी किंवा गुळगुळीत खड्यांची पुरचुंडी असेल. पूर्वजांना बरेच काही मागे टाकणे भाग पडले. वंशजांवर तशी सक्ती नाही. हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी ती फळी वर आणावी, वडीलधाऱ्यांकडून त्यांचे नियम विचारून लिहून ठेवावेत आणि मुलांना खेळावयास सांगण्याआधी स्वतः मांडी घालून बसावे. मुले तेथे आपोआप येतील.