वाळवंटातली सुशी

लास व्हेगासच्या एखाद्या कॅसिनो रिसॉर्टमध्ये सुशी खायला बसलेल्या माणसाला बिल पाहून प्रश्न पडतोच : चिमूटभर भातावर ठेवलेल्या माशाच्या कापाला एवढे पैसे कशाचे? त्याचे उत्तर एकट्या माशात सापडत नाही. त्यासाठी कॅसिनोचा आणि सुशीचा, असे दोन इतिहास शेजारी ठेवून वाचावे लागतात.

नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. एप्रिल १९४१ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर ‘एल रँचो व्हेगास’ हे हॉटेल उघडले. आजच्या ‘स्ट्रिप’चा तो आरंभ. तिथेच पुढे एका डॉलरात पोटभर जेवणाचा बुफे सुरू झाला. त्यात औदार्य नव्हते, हिशेब होता. भुकेले गिऱ्हाईक उठून बाहेर जाते, जेवलेले पुन्हा पत्त्यांच्या टेबलाशी येते. जेवणातली तूट जुगारात भरून निघे. ‘गोल्डन गेट’ कॅसिनोने १९५९ मध्ये कोळंबीचे कॉकटेल ५० सेंटला विकायला काढले आणि १९९१ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षे, तोच भाव ठेवला. समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरहून दूर, तरीही कोळंबी स्वस्त!

सुशीचे मूळही असेच साधे. आधी ती मासा टिकवण्याची रीत होती : मीठ लावलेला मासा भातात आंबवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, शिरका लावलेला भात हाताने दाबून त्यावर मासा ठेवण्याची पद्धत रुजली. तिचे श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला दिले जाते. घाईत असलेला माणूस गाडीपाशी उभ्याउभ्याच ती खाई. मुंबईच्या कामगाराला वडापावचा जो आधार, तोच एदोच्या कामगाराला सुशीचा. ट्यूनाच्या पोटाचा चरबीदार भाग, जो आज सर्वांत महाग, तो तेव्हा कुणी विचारतही नसे.

मग भाव चढला कसा? शीतकरण आले, विमान आले. ऑगस्ट १९७२ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यावरचा ट्यूना विमानाने टोकियोच्या बाजारात पोहोचला. जपानी माल घेऊन अमेरिकेत गेलेल्या विमानांना परतीचा माल हवाच होता. लॉस एंजेलिसमध्ये १९६०च्या दशकात सुरू झालेले सुशी बार आधी जपानी व्यापाऱ्यांचे होते, मग ते हॉलिवूडचे झाले. पेरूमध्ये स्वयंपाक केलेल्या नोबू मात्सुहिसा यांनी १९८७ मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये आणि १९९४ मध्ये अभिनेता रॉबर्ट डी नीरो यांच्या भागीदारीत न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट काढले.

त्याच सुमारास व्हेगासची अडचण वाढत होती. अटलांटिक सिटीत १९७८ पासून कॅसिनो होताच. १९८८च्या केंद्रीय कायद्यानंतर मूलनिवासी जमातींच्या भूमीवरही कॅसिनो वाढले. जुगार घराजवळ मिळू लागल्यावर वाळवंटात कशाला यायचे? उत्तर म्हणून नामांकित बल्लवाचार्य आणले गेले. १९९२ मध्ये सीझर्सच्या बाजारपेठेत वुल्फगँग पक यांचे ‘स्पॅगो’ आले, १९९८ मध्ये ‘बेलाजिओ’ उभे राहिले आणि १९९९ मध्ये नोबूंची सुशीही व्हेगासला पोहोचली. जेवण आता गळाला लावलेले आमिष राहिले नाही. तोच धंदा झाला. स्ट्रिपवरच्या मोठ्या कॅसिनोंना जुगारापेक्षा खोल्या, खाणे आणि करमणूक यांतून जास्त पैसा मिळू लागला.

यात एक बारकी गोम आहे. मोठ्या रकमा लावणाऱ्या जुगाऱ्याला कॅसिनो बहुधा जेवण फुकट देतो. मेन्यूवरचा आकडा जितका मोठा, तितकी ती भेट मोठी दिसते. तो आकडा खिशातून भरतो तो मात्र चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला साधा प्रवासी. जुन्या व्यवस्थेत जुगाऱ्याच्या हरण्यावर साधा माणूस एका डॉलरात जेवत होता. आज न खेळताही तो भरपूर मोजून उठतो. हातगाडीवरची सुशी आणि ५० सेंटची कोळंबी, दोन्ही स्वस्त होत्या त्या वेगवेगळ्या कारणांनी. महाग झाल्यावर मात्र दोघींच्याही जागी उभा राहिलेला हिशेब एकच निघाला.